आंधळ्याला दिवस काय नि रात्र काय?

“आंधळ्याला दिवस काय नि रात्र काय, सारखंच!” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि बहुधा कधी ना कधी उच्चारलेही आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. म्हणी आणि वाक्प्रचार हा माझा रोजचा शिधा. आंधळ्यांवर आपल्या भाषेने मोठ्या उदार हाताने म्हणी खर्चिल्या आहेत. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते, आंधळा एक डोळा मागतो नि देव दोन देतो, आंधळ्याची काठी, आंधळी कोशिंबीर. यादी लांबवावी तेवढी लांबेल. या साऱ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की डोळा म्हणजे पाहण्याचे यंत्र. ते बंद पडले की उजेड आणि अंधार दोन्ही त्या माणसाला सारखेच, हा त्यावरचा आपला सरळ हिशेब.

हा हिशेब दोन्ही अंगांनी फसतो. काही अंध मुलांच्या बाबतीत दिवस आणि रात्र यांची खरोखरच सरमिसळ होते. पण ती नुसती डोळ्यांपुढे होत नाही, रक्तात होते, झोपेत होते, वाढीत होते. आणि याउलट काही अंध मुले अशी की ज्यांना समोरचा कंदीलही दिसत नाही, परंतु त्यांच्या शरीराला सूर्य उगवल्याची बातमी आपल्याइतकीच बिनचूक पोचते. हे कसे घडते आणि घरातल्या माणसांनी त्यावरून काय ओळखावे, हे सांगण्यासाठी हा लेख. मी काही डॉक्टर नव्हे. एका विद्यार्थिनीमुळे या विषयाच्या वाटेला गेले, जाणत्यांना विचारले, मिळाले ते वाचले, आणि जे पक्के कळले तेवढेच इथे मांडते आहे.

हजेरीपटातले कोडे

काही वर्षांपूर्वी माझ्या बारावीच्या वर्गात जन्मापासून पूर्ण अंध असलेली एक मुलगी होती. सातव्या महिन्यात जन्मलेली. डोळ्यांतले पडदे तान्हेपणीच निकामी झालेले. बुद्धीने तल्लख, पाठांतर असे की शिकवता शिकवता मी एखादी ओळ विसरले तर ती मागच्या बाकावरून पुरवी. पण तिचे वागणे मोठे चमत्कारिक. काही दिवस सकाळच्या पहिल्या तासाला हजर, ताजीतवानी. मग हळूहळू जांभया सुरू. मग बाकावर डोके टेकून गाढ झोप. मग कित्येक दिवस पहिल्या दोन तासांना पत्ताच नाही. आणि मग, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा ताजीतवानी!

शिक्षकांच्या खोलीत तिच्याविषयी दोन मते होती. एक, ती आळशी आहे. दुसरे, तिला सवलतींची चटक लागली आहे. तिच्या आईचे मत आणखी निराळे. “रात्रभर मोबाइलवर पुस्तकं ऐकत बसते हो, मग सकाळी उठणार कशी?”

मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मॅडम, मी मुद्दाम जागत नाही. माझी झोप रोज थोडी थोडी पुढे सरकते. आज बाराला आली, तर उद्या साडेबाराला. पडून राहिलं तरी त्याआधी येतच नाही. असं करता करता पहाट होते, मग सकाळ होते. शाळेत असतानाही हेच व्हायचं. त्यासाठी मारसुद्धा खाल्लाय मी.”

त्या दिवशी मी हजेरीपट घरी आणला आणि पहिल्या तासाच्या खाणाखुणा तपासू लागले. तिच्या गैरहजेरीचा एक पुंजका जूनअखेरीस होता, दुसरा ऑगस्टच्या मध्याला, तिसरा ऑक्टोबरच्या आरंभी. मधले दिवस बहुतेक स्वच्छ. आळस असा ठरल्या वेळी येतो आणि ठरल्या वेळी जातो काय? आळसाला इतकी शिस्त असती तर तो आळस कशाला म्हटला असता!

माझी एक बालमैत्रीण मुलांची डॉक्टर आहे. तिच्यापुढे मी तो पट ठेवला. तिने तो पाहिला आणि मलाच प्रश्न केला, “अगं, झोप रोज अर्धा तास पुढे सरकत असेल, तर चोवीस तासांची फेरी पुरी करायला किती दिवस लागतील?”

“अठ्ठेचाळीस.”

“आणि तुझ्या पटात दोन पुंजक्यांमध्ये अंतर किती?”

मी बोटांवर मोजले. जवळजवळ तेवढेच भरले.

“मग तुझी विद्यार्थिनी आळशी नाही,” ती म्हणाली. “तिच्या शरीराचा दिवस साडेचोवीस तासांचा आहे. आणि आपण सगळे मिळून तिला चोवीस तासांच्या घड्याळावर दामटतो आहोत.”

लाजाळूची साक्ष

शरीरात घड्याळ असते, ही कल्पना आज नवी राहिलेली नाही. पण तिचा पहिला पुरावा आपल्या परसातल्या एका ओळखीच्या झुडपाने दिला. 1729 साली द मेरां नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूचे रोप काळोखात ठेवून पाहिले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे सर्वांना ठाऊक होते. काळोखातही ती वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे सूर्य दिसो वा न दिसो, आत काहीतरी टिकटिकत होते.

माणसाच्या मेंदूतले हे घड्याळ नेमके कुठे आहे, याचा माग 1972 साली उंदरांवरील प्रयोगांतून लागला. दोन्ही डोळ्यांकडून येणारे दृष्टितंतू मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाच्या थेट वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके असतात. चौकातच घड्याळाचा मनोरा असावा, तशी ही जागा. दोन्ही पुंजके मिळून पेशी सुमारे वीस हजार. एवढ्याशा मांसाच्या कणावर आपली झोप, जाग, ताप, भूक यांचे वेळापत्रक चालते.

मात्र या घड्याळात एक खोट आहे. बहुतेक माणसांत ते चोवीस तासांहून काही मिनिटे, क्वचित अर्धा तासही, मागे पडते. आपल्याला याचा पत्ता लागत नाही, कारण रोज सकाळी डोळ्यांवाटे उजेड आत शिरतो आणि काटे जुळवून देतो. आजोबा रोज सकाळी आकाशवाणीच्या वेळेवर आपले मनगटी घड्याळ लावीत असत, त्यातलाच हा प्रकार. आता कल्पना करा की ही वेळ सांगणारा आवाजच बंद पडला. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचा फरक. दुसऱ्या दिवशी तासाचा. महिन्याभरात दिवसाची रात्र! 1977 साली अमेरिकेत एका अंध तरुणाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराचा दिवस 24.9 तासांचा निघाला. त्या बिचाऱ्याने जगाच्या वेळेला धरून राहण्याची पराकाष्ठा केली होती, आणि त्यासाठी झोपेच्या व जागरणाच्या औषधांचा आधार घेतला होता.

रात्रीचा निरोप्या

घड्याळ नुसते वेळ दाखवून भागत नाही. ती वेळ साऱ्या गावाला कळवणारा कुणी दवंडीवाला लागतो. शरीरात हे काम संप्रेरके करतात. काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता सरळ रक्तात सोडतात. त्या रसांना 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हॉर्मोन हे नाव दिले, आणि मराठीने त्याला संप्रेरक हा सुरेख शब्द घडवला. दूर बसून प्रेरणा देणारे, ते संप्रेरक.

रात्रीची दवंडी पिटणारी ग्रंथी म्हणजे पिनिअल. मेंदूच्या मध्यावर, आकाराने तुरीच्या दाण्याएवढी. सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाने आत्म्याचे मुख्य आसन इथेच आहे असे मानले होते.  1917 साली गाईच्या पिनिअलचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला असता त्यांची कातडी फिकट पडते, असे दिसून आले. या धाग्याचे टोक धरून अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर कामाला लागले. कातडीच्या रंगाचे विकार बरे करणारे काही हाती लागेल, अशी त्यांची आशा होती. गाईंच्या हजारो पिनिअल ग्रंथी पिळून 1958 साली त्यांनी एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला मेलॅटोनिन असे नाव दिले. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही; पण शरीराला रात्र झाल्याचे सांगणारा निरोप्या मात्र सापडला.

अंधार पडला की चौकातले घड्याळ पिनिअलला निरोप धाडते. गंमत अशी की हा निरोप शेजारच्या घरी जाण्यासाठी मानेपर्यंत खाली उतरतो आणि मग पुन्हा वर चढतो! त्यानंतर मेलॅटोनिन रक्तात उतरू लागते, मध्यरात्रीनंतर त्याची भरती येते आणि पहाटे ओहोटी लागते. 1980 साली असे सिद्ध झाले की रात्री प्रखर उजेड डोळ्यांवर पडला तर माणसाच्या रक्तातले मेलॅटोनिन झपाट्याने घटते. मेलॅटोनिनबरोबर इतर संप्रेरकांचीही पाळी ठरलेली असते. आपल्याला उठवून कामाला लावणारे कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते आणि सकाळी सर्वांत अधिक असते. उंची वाढवणारे संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत मोठ्या प्रमाणात सुटते.

आता त्या मुलीचा विचार करा. तिची मेलॅटोनिनची भरती काही दिवस सकाळी दहाच्या सुमारास येत होती. आपण मध्यरात्री कुणाला उठवून व्याकरण विचारावे, तसे आम्ही तिला विचारीत होतो.

न दिसणारा उजेड

मग प्रत्येक अंध मुलाची हीच अवस्था होते काय? नाही, आणि या ‘नाही’मागची कथा मोठी मनोहर आहे.

1923 साली अमेरिकेतल्या क्लाइड कीलर या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की जन्मांध उंदरांच्या डोळ्यांवर उजेड टाकला तर त्यांच्या बाहुल्या आकसतात. पाहणाऱ्या पेशी त्या डोळ्यांत नव्हत्या. मग उजेड ओळखला कोणी? पाऊणशे वर्षे हा प्रश्न जवळजवळ तसाच पडून राहिला. 1998 साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उजेड टिपणारे एक नवे द्रव्य सापडले. आणि सापडले कुठे, तर बेडकाच्या कातडीत! त्याला मेलॅनोप्सिन म्हणतात. तेच द्रव्य पुढे डोळ्यांच्या आतल्या पडद्यात आढळले, आणि 2002 साली डेव्हिड बर्सन यांनी दाखवून दिले की पडद्यातल्या काही थोड्या पेशी पाहण्याच्या भानगडीत फारशा न पडता, उजेड किती आहे एवढेच मोजतात आणि तो आकडा थेट चौकातल्या घड्याळाला कळवतात. निळसर उजेड, म्हणजे भर दिवसाच्या आकाशाचा उजेड, त्यांना विशेष भावतो.

तेव्हा डोळ्यांना दोन नोकऱ्या आहेत. एक जग दाखवण्याची आणि दुसरी दिवस उजाडल्याची वर्दी देण्याची. पहिली सुटली तरी दुसरी टिकू शकते. 1995 साली चार्ल्स चाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अकरा अंध व्यक्तींवर रात्री प्रखर प्रकाश टाकून पाहिला. तिघांच्या रक्तातले मेलॅटोनिन डोळसांसारखेच उतरले. त्यांना स्वतःला मात्र उजेडाची जाणीवही झाली नव्हती.

याचा घरगुती अर्थ फार महत्त्वाचा आहे. “त्याला कुठं दिसतंय?” असे म्हणून अंध मुलाची खाट घरातल्या आतल्या काळोख्या खोलीत टाकणे, त्याच्या खोलीतला दिवा न लावणे, दिवसभर गडद चष्मा घालून बसवणे, यांत त्याची दुसरी नोकरीही आपण हिरावून घेत असू. अशा मुलाला सकाळचे ऊन डोळसांपेक्षा कमी नव्हे, कांकणभर अधिकच हवे. त्याचप्रमाणे, दुखणारा निकामी डोळा काढून टाकण्याचा प्रश्न येईल तेव्हा, “या डोळ्याला उजेड कळतो काय, आणि मुलाची झोप वेळेवर आहे काय?” हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. कधी कधी तो डोळा काढावाच लागतो. पण काढताना तो कोणकोणते काम करीत होता, ते ठाऊक असलेले बरे.

वयात येताना

आता एका नाजूक विषयाकडे वळते. घरात मोठ्याने बोलला जात नाही, म्हणूनच तो लिहिला पाहिजे.

1898 साली जर्मनीतल्या ओटो हॉयब्नर या बालवैद्याने साडेचार वर्षांच्या एका मुलाची हकिकत नोंदवली. त्या वयात तो मुलगा तारुण्याच्या खुणा दाखवू लागला होता, आणि त्याच्या पिनिअलमध्ये गाठ निघाली. तेव्हापासून पिनिअलचा वयात येण्याशी काही संबंध असावा, अशी शंका वैद्यकाच्या मनात घर करून होती.

या शंकेचा धागा पुढे अंध मुलींपर्यंत पोचला, तो एका दुर्दैवी प्रकरणामुळे. 1942 साली बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांत येणाऱ्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पाहता पाहता जगभर अशी हजारो मुले दृष्टी गमावून बसली. अखेर 1950 नंतरच्या चारपाच वर्षांत उलगडा झाला, की या नाजूक बाळांना जगवण्यासाठी पेटीत जो प्राणवायू सढळ हाताने दिला जात होता, तोच त्यांच्या डोळ्यांतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडवीत होता. याच आजाराचा अभ्यास केलेल्या लिओना झकारायस यांनी रिचर्ड वुर्टमन यांच्याबरोबर अंध मुली आणि डोळस मुली यांची तुलना केली. 1964 साली त्यांनी जाहीर केले की अंध मुलींना पहिली पाळी डोळस मुलींपेक्षा लवकर आली होती.

हे वाचून शास्त्रज्ञही बुचकळ्यात पडले. कारण उंदरांत गोष्ट उलटी: पिल्लांना सतत उजेडात ठेवले तर ती लवकर वयात येतात. मग माणसांत अंधाराने तसे का व्हावे? नंतरच्या पाहण्यांचे कौल एकमुखी नाहीत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र, उजेडही न कळणाऱ्या स्त्रियांना पहिली पाळी, उजेड कळणाऱ्या अंध स्त्रियांपेक्षा लवकर आल्याचे दिसले. याचे कारण एकट्या मेलॅटोनिनच्या माथी मारता येत नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म, वजन, आणि खेळायला बाहेर न सोडल्यामुळे घटलेली हालचाल, यांचाही हात त्यात असू शकतो.

पण आईने शास्त्रज्ञांचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. डोळस मुलगी या गोष्टी निम्म्याअधिक न सांगता शिकते: कपाटात काय ठेवले आहे ते पाहते, जाहिरात पाहते, मोठ्या बहिणीची लगबग पाहते. अंध मुलीपर्यंत यातले काहीच पोचत नाही. एके दिवशी ओलसरपणा जाणवतो. तो कसला आहे हे रंगावरून कळायला मार्ग नाही. आणि घाबरून ती कुणाशीच बोलत नाही. म्हणून माझे आयांना सांगणे असे, की मुलीला नववे वर्ष लागले की पॅड तिच्या हाती द्या, त्याची कोणती बाजू वर ते बोटांनी ओळखू द्या, कपड्याला लावायला शिकवा, आणि हे दुखणे नव्हे हे आधीच सांगून ठेवा. आठ वर्षे पुरी होण्याआधीच छातीची वाढ दिसू लागली, किंवा मुलात नऊ वर्षांच्या आत तारुण्याच्या खुणा दिसल्या, तर तो लाजेचा विषय न करता डॉक्टरांकडे न्यावे. त्यावर उपचार आहेत.

जिथे मूळच एक असते

इथवर आपण अंधत्वाचा संप्रेरकांवर काय परिणाम होतो, ते पाहिले. काही मुलांत मात्र दोन्ही दुखणी एकाच मुळातून फुटतात. गर्भात डोळ्यांचे तंतू नीट भरत नाहीत, आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारची पिट्युटरी ग्रंथीही कच्ची राहते. पिट्युटरी ही साऱ्या ग्रंथींची मुकादम. तिचाच आवाज क्षीण असेल तर थायरॉइड, कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक, कशालाच हुकूम सुटत नाही. द मॉर्सिए या स्विस डॉक्टरांनी 1956 साली बारीक दृष्टितंतूंची मेंदूच्या रचनेतल्या दोषाशी सांगड घातली, आणि 1970 साली अमेरिकेतल्या विल्यम हॉइट आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या खुंटलेल्या उंचीचे मूळ पिट्युटरीत दाखवून दिले.

वाचकांनी या लेखातला एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा म्हटला, तर तो हा ठेवावा. जन्मतः दिसत नसलेल्या मुलाच्या रक्तातली साखर तान्हेपणी एकाएकी उतरली असेल, कावीळ आठवडेच्या आठवडे हटली नसेल, मूल सदा थंड आणि मलूल असेल, घटाघटा पाणी पिऊन सारखी लघवी करीत असेल, वयाच्या मानाने फार ठेंगणे असेल, किंवा साध्या तापात आणि उलट्यांत त्याची शुद्ध हरपत असेल, तर “आंधळं आहे, त्यात नाजूक” असे म्हणून सोडून देऊ नये. ज्या शरीरात कॉर्टिसॉल पुरेसे नाही, त्याला साधा तापही जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना सरळ विचारावे, “याच्या पिट्युटरीची तपासणी करायला हवी काय?” रक्ताच्या तपासण्यांनी उणीव कळते, आणि जे संप्रेरक उणे असेल ते औषधरूपाने देता येते. त्यातही क्रम असतो: कॉर्टिसॉलची उणीव आधी भरून मगच थायरॉइडचे औषध सुरू करतात, उलटे केले तर घात होऊ शकतो. म्हणून हा कारभार तज्ज्ञाच्याच हाती हवा. अशी मुले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जातात. ग्रंथींच्या डॉक्टरांकडे त्यांना पाठवायचे राहून जाते.

उपाय आहे, पण घड्याळ पाहून

आता पुन्हा झोपेकडे. 1991 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एका अंध मुलाची सरकती झोप मेलॅटोनिन देऊन जागेवर आणल्याची हकिकत प्रसिद्ध केली. 2000 साली अमेरिकेत रॉबर्ट सॅक आणि सहकाऱ्यांनी सात पूर्ण अंध व्यक्तींना रोज ठरल्या वेळी मेलॅटोनिन दिले. सातांपैकी सहांचे घड्याळ चोवीस तासांवर आले. पुढे याहून पुष्कळ कमी मात्राही पुरते असे दिसून आले. 2014 साली याच विकारासाठी टॅसिमेल्टिऑन नावाच्या औषधालाही अमेरिकेत परवानगी मिळाली.

मात्र मेलॅटोनिन ही झोपेची गोळी नव्हे. ते घड्याळाचे काटे हलवणारे द्रव्य आहे, आणि काटे कोणत्या बाजूला हलतील हे ते कोणत्या वेळी दिले यावर अवलंबून असते. भलत्या वेळी दिले तर जो गाडा पुढे ढकलायचा तोच मागे जायचा. शेजारणीच्या मुलाला लागू पडले म्हणून दुकानातून आणून देण्याची ही वस्तू नाही.

माझ्या विद्यार्थिनीला डॉक्टरांनी प्रथम महिनाभर झोपेची टिपणवही ठेवायला सांगितले. झोप कधी आली, जाग कधी आली, एवढेच. तिने ती ब्रेलमध्ये लिहिली; आईने तिच्यावरून आकडे मांडले. झोप तिरप्या रेघेत रोज पुढे सरकताना कागदावर दिसली, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे ही खोटं बोलत नव्हती.” औषध सुरू झाले, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरल्या. काही आठवड्यांनी रेघ उभी होऊ लागली. तिने परीक्षा दिली, बरी दिली. पण मला तिच्या गुणांपेक्षा तिच्या आईचे ते वाक्य मोलाचे वाटते. औषध नंतर मिळाले. तिच्यावर विश्वास आधी ठेवला गेला.

घरच्यांसाठी चार गोष्टी

पहिली: घरात अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे बाळ जन्मले, तर तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचे पडदे तपासून घ्या, बाळ फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. वेळेवर उपचार झाला तर बहुतेकांची दृष्टी वाचते.

दुसरी: अंध मुलाला रोज सकाळी मोकळ्या उजेडात न्या, खेळू द्या, दमू द्या. जेवण, अंघोळ, निजणे यांच्या वेळा पाळा. ज्याला खिडकी वेळ सांगत नाही, त्याला स्वयंपाकघरातला फोडणीचा वास आणि बादलीचा आवाज वेळ सांगतात.

तिसरी: मूल रात्री जागते, दिवसा पेंगते, असे दिसले तर रागावण्याआधी महिनाभर वहीत नोंद करा. हट्टाची नोंद वेडीवाकडी निघेल. घड्याळाची रेघेत निघेल.

चौथी गोष्ट या सणाशी जुळती आहे. पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने मांडण्याची रीत आहे. अंध मुलाची खूण पेन्सिलीने करू नका. चाकूच्या टोकाने लाकडात बारीक खाच पाडा, किंवा तिथे एक छोटा खिळा ठोका. पुढच्या पाडव्याला त्याला तिथेच उभे करा आणि नवी खाच पाडा. चौथ्या वर्षानंतर, वयात येईपर्यंत, वर्षाकाठी चार सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर पडले, तर डॉक्टरांकडे जायला हवे हे तुम्हाला कळेल. आणि नीट अंतर पडले, तर यंदा आपण किती वाढलो, हे पोराला कुणी सांगावे लागणार नाही. ते स्वतःच बोट फिरवून पाहील.